जोडीदाराच्या उशाशीं रात्रीची जागल
(महोत्सवी वर्षांत ज्येष्ठ दांपत्यांच्या मेळाव्यांत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



आपल्या धर्मग्रामाच्या ह्या महोत्सवी वर्षांत, विवाहाचीं पन्नास वर्षें पुरीं केलेल्या दांपत्यांचा सत्कार व्हावा अशी सूचना आली, तेव्हां आम्हांस मोठा आनंद झाला. आज तुम्ही आमच्या समोर बसलां आहां. बहुतेक जण जोडीनें आलां आहां. परंतु कित्येक ठिकाणीं शेजारची खुर्ची रिकामी आहे, हें आमच्या दृष्टीआड झालेलें नाहीं. ती दरवेळीं मरणानें रिकामी केलेली नाहीं. दोघेही हयात आहेत. पण एकास घराबाहेर आणणें आतां शक्य राहिलेलें नाहीं, आणि जो आला आहे तोही मधून मधून घड्याळाकडे पाहत आहे, कारण दिवस मावळण्यापूर्वीं त्याला घरीं पोंचलें पाहिजे. सत्काराच्या प्रसंगीं गोड बोलावें असा रिवाज आहे. आम्ही मात्र आज ह्या रिकाम्या खुर्च्यांविषयीं बोलणार आहों.

पहिल्या शुक्रवारीं आजाऱ्यांना परमप्रसाद घेऊन आम्ही घरोघर जातों. दिवसाच्या प्रकाशांत तेथें जें दिसतें, तें पुष्कळदां फसवें असतें. वृद्ध बाई ओट्यावर बसलेली असते. ती आमची विचारपूस करते, सुनेला खुर्ची आणावयास सांगते, प्रभूची प्रार्थना अखेरपर्यंत न अडखळतां म्हणते. आम्ही मनांत म्हणतों, बाईंची प्रकृति ठीक आहे. आणि फाटकापर्यंत पोंचवावयास आलेले तिचे यजमान हळूच सांगतात, "फादर, आतां पाहिलेंत तें खरें नव्हे. रात्रीं येऊन पाहा."

रात्रीं काय होतें, तें अनेक घरांतून ऐकलेलें एकत्र करून सांगतों. कोणा एका घराचें हें वर्णन नव्हे. तेव्हां कोणीही आपल्या शेजाऱ्याकडे पाहूं नये. सांजघंटा झाली, दिवे लागले, कीं बाईचा जीव घाबरा होऊं लागतो. ती ह्या खोलींतून त्या खोलींत जाते, पदराचें टोक पिळते, कपाट उघडते, मिटते, पुन्हां उघडते. "मला घरीं जावयाचें आहे," असें म्हणते. आणि ज्या घरांत ती पन्नास वर्षांपूर्वीं वधू म्हणून आली, त्याच घरांत उभी राहून म्हणते. रात्रीं दोन वाजतां ती उठते आणि टोपली शोधूं लागते. फुलें खुडावयाचीं आहेत, दादरच्या बाजारासाठीं पहिली गाडी गांठावयाची आहे. वाडींतला मोगरा जाऊन वीस वर्षें लोटलीं, हें तिच्या गांवींही नसतें. नवरा आडवा आला, तर परक्या पुरुषाकडे पाहावें तशी ती त्याच्याकडे पाहते. "तुम्ही कोण? हे आतां कामावरून येतील. तुम्ही आपल्या घरीं जा." ज्यानें पन्नास वर्षें 'हे' हा शब्द आपल्या नांवासारखा ऐकला, त्यालाच त्या शब्दानें दाराबाहेर काढलें जातें.

उलटही होतें. म्हातारा उठतो आणि जनावरांना वैरण घालावयाची म्हणून काळोखांत गोठा शोधतो. गोठ्याच्या जागीं आतां मुलाची मोटार उभी असते. बायको हाताला धरावयास गेली, तर तो तिला झटकतो, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं तिच्या दंडावरचा काळानिळा डाग पाहून तोच विचारतो, "हें कशानें लागलें गं?"

ह्या अवस्थेला 'म्हातारचळ' म्हणून हसण्यावारी नेण्याची आपल्याकडे चाल आहे. 'साठी बुद्धि नाठी' ही म्हण तर सर्वांच्या तोंडीं आहे. हे दोन्ही प्रयोग आपण ह्या धर्मग्रामांतून हद्दपार करावे, अशी आमची विनंति आहे. हा स्वभावाचा दोष नव्हे आणि देवाचा कोपही नव्हे. हा मेंदूचा रोग आहे. डॉक्टर त्याला डिमेन्शिया अथवा स्मृतिभ्रंश म्हणतात, आणि त्याच्या अनेक प्रकारांपैकीं अल्झायमर हा सर्वांत अधिक आढळतो. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अखिल भारतीय पाहणीप्रमाणें, आपल्या देशांत साठी ओलांडलेल्यांपैकीं शेकडा ७.४ लोकांस, म्हणजे सुमारें ८८ लक्ष माणसांस, हा विकार आहे. तेव्हां ज्याच्या घरीं हें दुखणें आलें, त्यानें तें लपविण्याचें कांहींच कारण नाहीं.

ज्या डॉक्टरांचें नांव ह्या रोगास मिळालें, ते आलॉइस अल्झायमर जर्मनींतील फ्रँकफुर्ट शहरीं मनोरुग्णांच्या इस्पितळांत काम करीत होते. १९०१ च्या नोव्हेंबरांत आउगुस्टे डेटर नांवाची ५१ वर्षांची बाई तेथें दाखल झाली. तिच्या विकाराची पहिली खूण विसराळूपणा ही नव्हती. नवऱ्याविषयीं उत्पन्न झालेला संशय ही होती. इस्पितळांत ती आपलें अंथरूण इकडून तिकडे ओढीत नेई, नवऱ्याला आणि मुलीला हांका मारी, आणि कित्येकदां तासच्या तास ओरडत राही. १९०६ च्या एप्रिलांत ती वारली. त्याच वर्षीं ३ नोव्हेंबरला ट्युबिंगेन येथील सभेंत अल्झायमर यांनीं तिच्या मेंदूच्या तपासणीचा वृत्तांत मांडला, आणि १९१० सालीं एमिल क्रेपेलिन यांनीं आपल्या ग्रंथांत त्या रोगास अल्झायमरचें नांव दिलें. डॉक्टरांचें नांव राहिलें, रुग्णेचेंही राहिलें. पण तिला इस्पितळांत आणण्यापूर्वींच्या रात्री तिच्या नवऱ्यानें कशा काढल्या, हें त्या वृत्तांतांत कोठेंच नाहीं. आमचें आजचें बोलणें त्या रात्रींविषयीं आहे.

हा भ्रम रात्रींच कां वाढतो? मेंदूंत, दोन्ही डोळ्यांकडून येणारे मज्जातंतू जेथें एकमेकांस ओलांडतात, त्याच्या किंचित वर पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. तें शरीराचें घड्याळ. प्रकाशावरून तें दिवस आणि रात्र ओळखतें. ह्या रोगांत तें घड्याळही झिजतें. त्यांतच म्हाताऱ्या डोळ्याचें भिंग पिवळट होतें आणि प्रकाश कमी आंत येतो. आणि आपण काय करतों? आजाऱ्यास पडदे ओढून आंतल्या खोलींत दिवसभर निजवून ठेवतों. मग दिवस उगवला केव्हां आणि मावळला केव्हां, हें त्या मेंदूनें ओळखावें कसें? शिवाय संध्याकाळीं मन थकलेलें असतें. सांवल्या लांबतात, खुंटीवरचा सदरा माणसासारखा दिसतो. घरांतील माणसें कामावरून परतून एकाच वेळीं बोलूं लागतात. टेलिव्हिजनवर मालिकेंतल्या सासूसुना भांडत असतात, आणि आजाऱ्यास तें भांडण आपल्याच घरांत चाललें आहे असें वाटतें.

अशा घरांतून आम्हांस कित्येकदां बोलावणें येतें, "फादर, घरांत कांहींतरी आहे, पवित्र जल शिंपडा." आम्ही जातों, प्रार्थना करतों, जलही शिंपडतों; घराला आशीर्वाद देणें हें आमचें कामच आहे. परंतु निघतांना विचारतों, डॉक्टरांना दाखविलें कां? ज्या आजाऱ्यास खोलींत लहान मुलें अथवा जनावरें स्पष्ट दिसतात, त्यास बाधा झालेली नसून लेवी बॉडी नांवाचा डिमेन्शियाचा प्रकार असण्याचा संभव असतो, आणि अशा रुग्णास मन शांत करणारीं कांहीं औषधें फार अपाय करतात. म्हणून आजाऱ्याला काय दिसतें, तें डॉक्टरांना सांगितलेंच पाहिजे. भगताकडे जाणाऱ्यांविषयीं आम्ही ह्या आनंदाच्या प्रसंगीं अधिक बोलत नाहीं. ते कोण आहेत तें त्यांस ठाऊक आहे.

रात्रीची तयारी सकाळींच सुरू करावी लागते. उठल्यावर आजाऱ्यास तासभर ओट्यावर, उजेडांत बसवावें. त्याच्या हातांना काम द्यावें: शेंगा सोलणें, लसूण निवडणें, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालणें. घडी वांकडी झाली तरी ती त्याच्यादेखत मोडूं नये. दुपारची झोप लांबूं देऊं नये, आणि तिसऱ्या प्रहरानंतर चहा देऊं नये. झोप लागावी म्हणून रात्रीं दोन घोट पाजण्याची कांहीं घरीं पद्धत आहे. ती अत्यंत वाईट आहे. दारूनें भ्रम वाढतो आणि पाय अडखळतो. काळोख पडण्याची वाट न पाहतां दिवे लावावे. निजण्याच्या खोलीपासून मोरीपर्यंत रात्रभर एक लहान दिवा जळत ठेवावा. आरशांत स्वतःचेंच रूप पाहून, कोणी परका घरांत शिरला, असें आजाऱ्यास वाटत असेल तर रात्रीं आरशावर कापड टाकावें. निजण्यापूर्वीं लघवीस नेऊन आणावें. गुडघे, कंबर, दांत, बांधलेला कोठा यांचें दुखणें त्याला शब्दांत सांगतां येत नाहीं. तें दुखणें रात्रींच्या फेऱ्यांच्या रूपानें बाहेर पडतें.

आपल्या वाड्यांतून विहिरी आहेत, बावखलें आहेत. ज्या घरीं असा आजारी आहे, त्या घरच्या विहिरीवर जाळी बसविणें हें पहिलें काम. महोत्सवाच्या रोषणाईहून आम्हीं तें अधिक महत्त्वाचें मानलें आहे. बाहेरच्या दाराची कडी सहज नजरेस न पडेल अशा जागीं असावी. मात्र आजाऱ्यास आंत कोंडून घरच्यांनीं निघून जाऊं नये. आग लागली तर तो कोठें जाईल? गळ्यांतील क्रुसाबरोबर घरचा फोन क्रमांक कोरलेला एक बिल्ला असूं द्यावा.

संध्याकाळच्या जपमाळेविषयीं एक शब्द. लहानपणीं पाठ झालेल्या प्रार्थना आणि गाणीं ह्या रोगांत पुष्कळ काळ टिकतात. मुलाचें नांव विसरलेली आई नमो मरीया म्हणते. म्हणून दिवे लागण्याच्या वेळीं हळू आवाजांत जपमाळ म्हटल्यास पुष्कळांचा जीव शांत होतो. पण पांच रहस्यें पुरीं झालींच पाहिजेत, असा हट्ट धरून आजाऱ्यास दरडावून बसविणारे भाविकही आम्हीं पाहिले आहेत. एका दशकानंतर ती उठली, तर तिला उठूं द्यावें. पवित्र मातेचा कांहीं राग होणार नाहीं.

आतां जी गोष्ट मुख्यतः सांगावयाची आहे तिच्याकडे वळतों. एका वृद्ध गृहस्थांनीं देवळाच्या ओट्यावर आम्हांस एक प्रश्न विचारला. हें बोलणें कुमसारांतलें नव्हे, उघड्यावरचें आहे. आणि नांव न घेतां तें सांगण्यास त्यांची अनुमति आहे. ते म्हणाले, "फादर, ही रात्रीं आपल्या आईला हांका मारते. आई जाऊन तीस वर्षें झालीं. पहिल्या रात्रीं मीं खरें सांगितलें. ती अशी रडली, जणूं प्रेत अंगणांतच आहे. दुसऱ्या रात्रीं पुन्हां विचारलें. पुन्हां खरें सांगितलें, पुन्हां तितकीच रडली. तिसऱ्या रात्रीं मीं म्हटलें, आई बाजाराला गेली आहे, येईल. ती निजली. पण मला झोप आली नाहीं. खोटें बोलूं नये, असें लहानपणापासून शिकलों. पन्नास वर्षांत हिच्याशीं खोटें बोललों नाहीं. आतां रोज रात्रीं बोलूं काय?"

हा प्रश्न किरकोळ नाहीं. जो मनुष्य तो विचारतो, त्याच्यापाशीं पन्नास वर्षांच्या संसाराची एकच ठेव राहिलेली असते, ती म्हणजे दोघांमधला विश्वास. ती आपल्याच हातानें मोडावी लागते कीं काय, असें त्याला भय वाटतें. सुमारें सोळाशें वर्षांपूर्वीं संत ऑगस्टिन यांनीं खोटें बोलण्याविरुद्ध लिहिलेल्या ग्रंथांत जवळजवळ हाच प्रसंग घेतला आहे. एक मनुष्य प्राणांतिक आजारी आहे. त्याचा एकुलता लाडका मुलगा वारला आहे. आणि तो विचारतो, मुलगा जिवंत आहे काय? खरें सांगितलें, तर त्या धक्क्यानें तो मरेल. अशा प्रसंगाच्या विचारानें आपलेंही मन हेलावतें, हें ऑगस्टिन लपवीत नाहींत. तथापि खोट्याला ते परवानगी देत नाहींत. तेराव्या शतकांत संत थॉमस अक्वायनस यांनीं तोच कठोर नियम कायम ठेवला, परंतु त्यांत एक दार दाखविलें: खोटें बोलणें निषिद्ध असलें, तरी सत्य शहाणपणानें झांकून ठेवणें निषिद्ध नाहीं. सेमिनरींत हे परिच्छेद परीक्षेपुरते वाचले जातात. त्यांची खरी गरज रात्रीं दोन वाजतां, खाटेच्या कडेवर बसलेल्या एखाद्या म्हाताऱ्याला असते.

आम्हीं त्या गृहस्थांस म्हटलें, तिचा प्रश्न नीट ऐका. 'आई कोठें आहे?' ह्या शब्दांनीं ती पत्ता विचारीत नाहीं. तिला भय वाटतें आहे, आणि भय वाटलें असतां मनुष्य आईलाच हांक मारतो. मग उत्तर भयाला द्यावें. "आईची आठवण आली होय? बस माझ्याजवळ. ती भाकरी कशी थापी, सांग बरें." ह्यांत खोटें काय आहे? ती सांगूं लागते. तांदळाचें पीठ, चुलीचा धूर, आईच्या हातांतल्या बांगड्या. बोलतां बोलतां हुंदका ओसरतो. आई वारली, हें सत्य तुम्ही नाकारलें नाहीं. तें सुरीसारखें रोज रात्रीं नव्यानें तिच्या उरांत खुपसलें नाहीं, इतकेंच.

फुलांच्या टोपलीचेंही तसेंच. 'मोगरा कधींच गेला, तुझें डोकें फिरलें आहे,' असें म्हटल्यानें कोणाचें डोकें ताळ्यावर आलेलें आम्हीं ऐकलेलें नाहीं. "अजून काळोख आहे. उजाडलें कीं पाहूं. तोंवर पाणी पी," असें म्हणावें. काळोख खरा आहे, उजाडणार हेंही खरें आहे. आणि जेव्हां ती 'तुम्ही कोण?' म्हणून विचारते, तेव्हां 'मी तुझा नवरा, मला ओळखत नाहींस?' असा हट्ट धरूं नये. त्यानें भय दुप्पट होतें. परका पुरुष स्वतःस नवरा म्हणवितो, असें तिला वाटतें. दोन पावलें मागें सरावें, तिच्याहून खालच्या आसनावर बसावें, दिवा मोठा करावा, आणि सांगावें, "मी येथें राखणीला आहें. तुला कांहीं होऊं देणार नाहीं." ह्या वाक्यांत खोटें अक्षर नाहीं, वेदीसमोर उच्चारलेल्या वचनाचा तोच अर्थ आहे.

आणि एवढें करूनही, एखाद्या पहांटे तीन वाजतां, सलग चौथ्या जागरणाच्या रात्रीं, 'आई येईल हो' असे शब्द एखाद्याच्या तोंडून निघून गेले, तर त्यापायीं त्यानें परमप्रसादापासून दूर राहूं नये. हें आम्ही विचारपूर्वक सांगतों.

औषधांविषयीं थोडक्यांत. सर्दीच्या आणि खाजेच्या ज्या गोळ्यांनीं पेंग येते, त्यांपैकीं कित्येकांनीं अशा रुग्णाचा भ्रम वाढतो. झोपेच्या गोळीनें रात्रीं उठतांना तोल जाऊन मांडीचें हाड मोडण्याचें भय असतें. मन शांत करणाऱ्या कांहीं औषधांनीं डिमेन्शिया झालेल्या वृद्धांमध्यें मृत्यूचा धोका वाढतो, अशी सूचना अमेरिकेच्या औषध खात्यानें २००५ सालीं दिली. तीं कधींच देऊं नयेत असें नव्हे. पण डॉक्टरांनीं, थोडीं आणि थोड्याच दिवसांकरितां द्यावीं, शेजारणीनें आपल्या डब्यांतून काढून देऊं नयेत. आणि भ्रम हळूहळू न वाढतां एकदोन दिवसांत एकाएकीं वाढला, तर त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा. लघवीचा जंतुदोष, छातींतला कफ, ताप, अंगांतलें पाणी कमी होणें किंवा नवें औषध हें त्याचें कारण असूं शकतें, आणि तें बरें होण्यासारखें असतें.

आतां जागणाऱ्याचें काय? आजाऱ्याची चौकशी सर्व करतात. जागणाऱ्यास कोणी विचारीत नाहीं. त्याचें वय पंचाहत्तर-ऐंशी, त्याचा रक्तदाब वाढलेला, त्याला महिनामहिना सलग तीन तास झोप नाहीं. मुलगा आखातांत, मुलगी कॅनडांत. रात्रीं फोनवर चेहरा दाखवून ती म्हणते, "बाबा, आई तर छान दिसते!" अशा माणसाचा कधीं तरी संयम सुटतो, हात उगारला जातो. त्या क्षणीं, आजारी सुरक्षित आहे एवढें पाहून, खोलीबाहेर यावें, ओट्यावर उभें राहून शंभर अंक मोजावे, शेजाऱ्याला हांक मारावी. हांक मारण्याची लाज बाळगूं नये. सुखांत आणि दुःखांत, आरोग्यांत आणि आजारांत साथ देण्याचें वचन तुम्हीं दिलें तेव्हां तें देवळांत, साक्षीदारांसमक्ष, भरल्या मंडळीपुढें दिलें. मंडळी काय केवळ जेवणाला आली होती? जो म्हणतो कीं, माझ्या बायकोचें मी एकटाच पाहीन, दुसऱ्याचा हात लागूं देणार नाहीं, त्याच्या प्रेमाचा आम्ही आदर करतों, पण त्याचा हा नियम आम्हांस मान्य नाहीं. तो कोसळला तर दोघेही कोसळतील. आणि एखाद्या घरीं, सर्व उपाय थकल्यावर, आजाऱ्यास शुश्रूषागृहांत ठेवण्याची वेळ आली, तर तें टाकून देणें नव्हे. जो दर दोन दिवसांनीं जाऊन तिचे केंस विंचरतो, त्यानें तिला टाकलेलें नाहीं. ज्येष्ठ नागरिकांसाठीं १४५६७ ही शासनाची दूरध्वनिसेवा आहे. आणि मन फार खचलें तर टेलि-मानसच्या १४४१६ ह्या क्रमांकावर रात्रंदिवस बोलतां येतें. हे दोन्ही क्रमांक देवळाच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिण्यास आम्हीं सांगितलें आहे.

ह्या महोत्सवी वर्षाचें कार्य म्हणून आम्हीं एक वही सुरू केली आहे. ती धर्मगुरूंच्या कचेरींत आहे. ज्यांच्या घरीं रात्रीची जागल आहे त्यांनीं एका बाजूस आपल्या घराचें नांव लिहावें. ज्यांना महिन्यांतून एक रात्र देतां येईल अशा धडधाकट स्त्रीपुरुषांनीं दुसऱ्या बाजूस लिहावें. बाई आजारी असेल तेथें स्त्रियाच जातील, आणि दोघी जोडीनें जातील. हेतु एवढाच कीं, जागणाऱ्यास आठवड्यांतून एक रात्र दुसऱ्या खोलींत, दार लावून, सकाळपर्यंत निजतां यावें. पहिल्या दोन-तीन वेळां त्यांनीं दिवसां जावें, म्हणजे चेहरा ओळखीचा होईल.

जाणाऱ्यांसाठीं घरच्यांनीं एक कागद लिहून उशाशीं ठेवावा. कोणतें औषध केव्हां द्यावयाचें, मोरी कोणीकडे, दिव्याचें बटण कोठें, डॉक्टरांचा क्रमांक. रात्रीं उठल्यावर ती काय शोधते, टोपली कीं बाळ. कोणतें गाणें म्हटलें असतां ती थांबते. गरम दूध चालतें कीं नाहीं. कोणाचें नांव तिच्यापुढें काढूं नये. आणि फार घाबरली तर कोणत्या नांवानें हांक मारावी. बहुतेक घरीं तें तिचें माहेरचें नांव असतें, आणि तें नातवंडांना ठाऊक नसतें. तें कागदावर सर्वांत वर, ठळक लिहावें.